वाटेतलं पाणी

दर मे महिन्यात आम्ही हैदराबादहून पुण्याला मोटारीनं जातो. पहाटे निघालं तरी जहिराबाद येईतो ऊन चढलेलं असतं. रस्त्याच्या कडेला ताडाच्या झावळ्यांचा मांडव, त्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे रांजण आणि वर कापडी फलक : ‘चलिवेंद्रम’. मग कर्नाटकाचा पट्टा लागतो. हुमनाबादच्या आसपास तसाच मांडव, तसेच रांजण. नाव मात्र ‘अरवट्टिगे’. उमरग्याला पोचलं की तीच वस्तू ‘पाणपोई’ झालेली असते. दुपारच्या जेवणाआधीच तीन भाषा होतात.

आमच्या गाडीत घरून भरून घेतलेल्या सहा स्टीलच्या बाटल्या आणि डिकीत वीस लिटरचा जार असतो. त्यामुळे आम्ही यांतल्या कुठल्याच मांडवापाशी थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीनं विचारलं, “आई, आपण इथलं पाणी का नाही पीत?” मी म्हटलं, “बाहेरचं पाणी नको.” पोट बिघडेल एवढाच माझा अर्थ होता. पण वाक्य माझ्या आजीचं होतं, स्वरासकट. आणि आजी ते म्हणायची तेव्हा तिच्या मनात फक्त पोट नव्हतं.

भाषांतर करणाऱ्याला एक खोड असते. वाक्य तोंडून गेलं की त्याचा दुसरा अर्थ मागून येऊन गाठतो. पुढचे काही महिने मी हे ‘बाहेरचं पाणी’ उलगडत बसले.

आधी शब्दच पाहू. ‘पाणपोई’तली पोई म्हणजे संस्कृत ‘प्रपा’. गुजरातीतली ‘परब’ तिचीच बहीण. तेलुगूतला ‘चलि’ म्हणजे गारवा. तमिळमध्ये ‘तण्णीर पंदल’, म्हणजे सरळ पाण्याचा मांडव. कन्नड ‘अरवट्टिगे’तला ‘अर’ म्हणजे धर्म, दानधर्म. जुन्या कन्नड शिलालेखांत अशा धर्मपाण्यासाठी दिलेल्या दानांची नोंद सापडते. बंगालीत ‘जलसत्र’. पंजाबात गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर दूध घातलेलं गोड गार पाणी वाटतात, ती ‘छबील’. हा शब्द अरबी ‘सबील’वरून आला. आमच्या हैदराबादेत मोहरमच्या दिवसांत गल्लोगल्ली लागते तीही सबीलच. आणि अरबीत सबील म्हणजे मुळात रस्ता. ईश्वराच्या वाटेवर दिलेलं ते सबील, आणि तसं देण्याच्या गोष्टींत पाणी पहिलं, म्हणून पाणपोईचंच नाव ‘रस्ता’ पडलं. रस्ता आणि पाणी यांना एकच शब्द पुरतो, हे मला कुठल्याही कोशातलं सर्वांत नेमकं काम वाटतं.

ही जोडी आपल्याकडेही फार जुनी आहे. अशोकाचा सातवा स्तंभलेख फक्त एकाच स्तंभावर आहे. तो स्तंभ फिरोजशहा तुघलकानं टोपऱ्याहून दिल्लीला हलवला, म्हणजे लेखानंच मोठा प्रवास केलेला आहे. त्यात राजा सांगतो, की मी रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदवल्या आणि जागोजाग माणसांसाठी नि जनावरांसाठी पाणी प्यायच्या जागा केल्या. विहिरी किती अंतरावर? मूळ शब्द आहे ‘अढकोसिक्यानि’. काही पंडितांनी त्याचा अर्थ आठ कोसांवर असा केला, काहींनी अर्ध्या कोसावर. अर्धा कोस म्हणजे साधारण मैलभर. आठ कोस म्हणजे पायी चालणाऱ्याची अख्ख्या दिवसाची मजल. एका अक्षराच्या वाचनावर तहानेची लांबी ठरते. मी व्याकरणाच्या भांडणात पडणार नाही. मात्र उन्हातून चालत आलेली असते, तर अर्ध्या कोसाच्या बाजूनं मत दिलं असतं.

आपल्या सह्याद्रीतही तेच. कोकणातून देशावर चढणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर, नाणेघाटात, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कान्हेरीच्या लेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजणही आहे, पण तो पाण्याचा नव्हे. लोक सांगतात की तो जकातीचा, येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यात नाणी टाकायची. खरंखोटं काही असो. पाण्याची टाकी आणि नाक्याचा रांजण एकाच घाटात, हे चित्र लक्षात ठेवावं. पुढे ते पुन्हा येणार आहे.

वाटेत पाणी मिळत होतं, तरी माणसं घरून पाणी नेतच होती. त्यासाठी घडवलेल्या भांड्यांवर एक वेगळा लेख होईल. आमच्या घरी आजोबांचा फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, आतून कल्हई केलेला, झाकण आट्यांनी घट्ट बसणारं. आगगाडीच्या प्रवासात तो आजीच्या मांडीवरून हलत नसे. त्यातलं पाणी दुपारपर्यंत कोमट व्हायचं आणि त्याला धातूचा वास यायचा. तरी आजी तेच प्यायची. दुसरी सुरई. लांब मानेची, मातीची, लाकडी तिकाटण्यात बसवून डब्यातल्या खिडकीपाशी ठेवायची. पाणी अमृतासारखं, पण एका हिसक्यानिशी खापऱ्या. तिसरी, मला सर्वांत आवडणारी, जाड कॅनव्हासची पिशवी, हिंदी-उर्दूत जिला ‘छागल’ म्हणतात. छाग म्हणजे बकरा. आधी ही पिशवी बकऱ्याच्या कातड्याची असे, कापडाची झाली तरी नाव तेच राहिलं. मालमोटारींच्या नि जीपच्या पुढच्या बाजूला ती टांगलेली असायची. नवी पिशवी आधी तासन्‌तास भिजत घालायची, म्हणजे धागे फुगून वीण आवळते. मग तिच्यातून पाणी गळत नाही, नुसतं पाझरतं. पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्व तेच, पण माठाला वाऱ्याची वाट पाहावी लागते. गाडी मात्र स्वतःच वारा करते. गाडी जितकी भरधाव आणि हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. दमट कोकणात ही जादू चालत नाही, मराठवाड्यात मे महिन्यात ती डोळ्यांदेखत चालते.

चव म्हणाल, तर त्या पाण्याला किंचित तागाच्या दोरीची चव. पण पाण्याच्या चवीबद्दल मराठी माणूस पूर्वी फार चोखंदळ होता, असं आपल्या शब्दांवरूनच दिसतं. गोडं पाणी, खारं पाणी, मचूळ पाणी, जड पाणी, हलकं पाणी. ‘गोडं’ म्हणजे साखरेसारखं गोड नव्हे, हे परभाषकाला समजावताना माझा नेहमी अर्धा तास जातो. शिवाय पाणी ‘लागतं’, पाणी ‘बाधतं’. शास्त्राच्या भाषेत यातलं बरंचसं विरघळलेल्या क्षारांचं काम आहे. काळ्या पाषाणातल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम नि मॅग्नेशियम असतं, त्यानं पाणी जड होतं. क्षार फार वाढले की पाणी मचूळ आणि मग खारट लागतं. सगळेच काढून टाकले की सपक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. या दोन आकड्यांमध्ये किती गावांच्या चवी सामावल्या असतील! उदगीरच्या माझ्या मावशीला पुण्याचं पाणी ‘पाण्यासारखं लागत नाही’.

इथवर सगळं रम्य आहे. तांबे, सुरया, वाळा घातलेले माठ. असे लेख मी पूर्वी आवडीनं वाचले आहेत, एकदोन लिहिलेही आहेत. पण मराठीत पाण्याबद्दल आणखी एक वाक्प्रचार आहे, आणि तो या लेखांत येत नाही : अमक्याच्या हातचं पाणी ‘चालतं’, तमक्याच्या हातचं ‘चालत नाही’. आजी आगगाडीत कोमट पाणी पीत होती ते चवीसाठी नव्हे. स्टेशनवर पाणी होतं. तिथे हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं, आणि उत्तरेकडच्या स्टेशनांवर पाणी पाजणाऱ्याला ‘पानी पांडे’च म्हणत. त्याची जात त्याच्या हुद्द्यातच सांगून टाकलेली. पाणपोईवरही पाणी पाजणारा बहुधा असा नेमत, की ज्याच्या हातचं बहुतेकांना चालावं. आणि ‘बहुतेकांत’ जे नव्हते त्यांच्या ओंजळीत उंचावरून धार. आजीला तेवढ्याचीही खात्री नव्हती. फिरकीच्या तांब्याचं झाकण इतकं घट्ट का होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते कळलं एका भाषांतराच्या कार्यशाळेत. विद्यार्थ्यांना मराठीत आणायला एक इंग्रजी उतारा हवा होता. मी डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चं पहिलं प्रकरण निवडलं. १९३०च्या दशकाच्या मध्यात लिहिलेलं हे छोटं आत्मकथन पुस्तिकेच्या रूपात आलं ते १९९० साली. भाषा साधी, वाक्यं आखूड. दोन तासांत होईल असा माझा हिशोब होता.

ते एका कौटुंबिक प्रवासाचं वर्णन आहे. साल १९०१. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावात दुष्काळी कामावर खजिनदार. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलेलं. निघाले ते भीमराव, त्यांचे भाऊ आणि मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. आईचं छत्र नव्हतं. साताऱ्याला सांभाळणाऱ्या आत्यानं डबा भरून दिला. नवे सदरे, चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आगगाडी त्यांनी त्याआधी पाहिलीही नव्हती. स्टेशनवर खर्चाला मिळालेले पैसे हातात आले, तशी प्रत्येकानं ऐटीत स्वतःच्या पैशानं लेमनेडची एकेक बाटली घेतली. सुट्टीला निघालेली कुठलीही मुलं असावीत तशी ही मुलं आहेत, आणि लेखक ती तशी दिसावीत याची काळजी घेतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मसूर स्टेशन. न्यायला कुणी आलेलं नाही. वडिलांना पत्र पोचलेलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीनं विचारपूस करतो आणि मुलं महार आहेत हे कळताच मागे सरतो. गाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं आणि वर अट : मुलांनीच बैल हाकायचे, गाडीवान बाजूनं चालणार. अंधारात नदीच्या पात्राशी थांबून डबा उघडतात. डब्यात अन्न भरपूर आहे, पाणी नाही. जवळच्या डबक्यात जनावरांच्या मलमूत्राचा गाळ, तोंडाशीही नेववत नाही. अर्धपोटी डबा बंद. मध्यरात्री टेकडीच्या पायथ्याशी जकातनाका लागतो. गाडीवान सांगतो, मुसलमान आहोत म्हणा, मग कदाचित मिळेल. नऊ-दहा वर्षांचा मुलगा उर्दूत पाणी मागतो. नाकेदार म्हणतो, इथं तुमच्यासाठी कुणी भरून ठेवलंय? टेकडीवर आहे, जाऊन आणा. अन्न उशाशी ठेवून मुलं उपाशीच झोपतात.

कार्यशाळा त्या दिवशी या प्रकरणापुढे गेली नाही. एक विद्यार्थी ‘टिफिन बास्केट’ला शब्द शोधत होता, दुसरीनं मध्येच विचारलं, “मॅडम, त्यांनी घरून पाणी का नाही नेलं?” प्रश्न व्यवहारी होता. उत्तर कदाचित इतकंच, की न्यायला गाडी येणार होती, वाट ओळखीची असणार होती आणि कुणी विचार केला नाही. पण मला फिरकीचा तांब्या आठवला. एका घरात बाहेरचं पाणी नको म्हणून झाकण घट्ट आवळत होते. त्याच जिल्ह्याच्या वाटेवर दुसऱ्या घरच्या मुलांना तेच बाहेरचं पाणी मागूनही मिळत नव्हतं. माझ्या आजीचं वाक्य आणि नाकेदाराचं उत्तर ही एकाच नियमाची दोन टोकं होती.

लेमनेडची बाटली मात्र विकत मिळाली होती, हे विसरू नये. सीलबंद बाटलीनं जात विचारली नाही, नाणं मागितलं.

पुढची नोंद महाडची. मुंबईहून कोकण-गोव्याला निघालेल्या हजारो कुटुंबांच्या गाड्या आज महाडवरून जातात. तिथलं तळं पाहायला किती वळतात कोण जाणे. तळ्याचं नाव चवदार. पाण्याच्या चवीवरून नाव मिळालेलं तळं, आणि त्या चवीवर पहारा. इंग्रजी पुस्तकांत हे नाव बहुधा तसंच ठेवतात, त्यामुळे परभाषक वाचकाला ते गावाच्या नावासारखं वाटतं आणि त्यातली चव हरवते. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात. धर्मशाळा आणि पाणवठा, म्हणजे पुन्हा वाटसरूचीच यादी. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा, धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे, आलेल्या लोकांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. विकतचं पाणी ही आमच्या पिढीची गोष्ट, असं मी समजत होते. २० तारखेला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून सारे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला झाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

त्याच आत्मकथनात आणखी एका सहलीचा प्रसंग आहे, आणि तो मला जास्त बोचतो. कारण तो आमच्या बाजूचा, जुन्या निजामी मुलखातला. १९३४ साली डॉ. आंबेडकर कार्यकर्त्यांबरोबर बसनं वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. सगळे धुळीनं माखलेले. दरवाज्यापाशी पाण्यानं भरलेलं एक लहान टाकं होतं, त्यावर हातपाय-तोंड धुतलं. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की यांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली. अखेर आत जाऊ दिलं ते किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. मसूरच्या वाटेवर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागावं लागलं होतं. दौलताबादला तीही वाट बंद झाली. तोवर ते परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदांना जाऊन आलेले होते.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात एक उपकलम आहे : सरकारी खर्चानं राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरावर जात, धर्म, लिंग यांवरून बंदी घालता येणार नाही. विहिरी आणि रस्ते एकाच दमात. कायद्याची भाषा मला सहसा कंटाळवाणी वाटते. हे उपकलम वाचताना मसूरची वाट दिसते.

मग बाटली आली. १९६५ मध्ये बिसलेरी हे इटालियन नाव मुंबईत आलं, काचेच्या बाटल्यांतून. १९६९ मध्ये ते पार्लेनं घेतलं. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या तसं ते श्रीमंती हॉटेलांतून रस्त्यावर उतरलं आणि नाव सामान्यनाम झालं. टपरीवर कुठल्याही कंपनीची बाटली असो, मागताना ‘बिसलेरी द्या’. २००३ पासून रेल्वेचं स्वतःचं ‘रेल नीर’. या बाटल्यांबद्दलच्या तक्रारी मला पाठ आहेत आणि त्या खऱ्याही आहेत : चव सपक, उन्हात तापलेल्या गाडीत प्लास्टिकचा वास, रस्त्याकडेला कचऱ्याचे ढीग, आणि ज्याच्याकडे बाटलीपुरते पैसे नाहीत त्याची तहान. पाणपोया ओस पडण्यात या बाटल्यांचा मोठा हात आहे. पण मी हे एका दलित लेखकमित्रासमोर बोलत होते तेव्हा तो हसला. म्हणाला, “तुम्हाला पाणपोईची आठवण येते. माझ्या आईला बाटलीचं झाकण फोडायचा आवाज आवडतो. कुणाला विचारावं लागत नाही.” त्याची आई गावी जाताना एसटीत खिडकीशी बसते आणि बाटली मांडीवर ठेवते. माझ्या आजीसारखीच.

गेल्या मे महिन्यात उमरग्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. पाणपोईवर ‘कै.’ने सुरू होणारा स्मरणार्थ फलक होता. रांजण दोन, एकाला तोटी बसवलेली, स्टीलचा पेला साखळीनं बांधलेला. रांजणांशेजारी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले होते. मी विचारलं, पाणी कुठलं? ते म्हणाले, “बोअरचं. गाळून भरतो, रोज रांजण घासतो.” लेक प्यायली, मग मी. पाणी थोडं मचूळच होतं, वर मातीचा वास. “काका, अजून एक,” लेक म्हणाली. पोट कुणाचंच बिघडलं नाही, तरी यावरून कुणी नियम काढू नये. लहान मुलं असतील तर घरचं उकळलेलं पाणीच न्यावं.

आमच्या रिकाम्या बाटल्याही त्यांनी भरून दिल्या. स्टील पाहून म्हणाले, “ह्यात तापतंय बघा. ओलं फडकं गुंडाळा आन् खिडकीला बाहेरनं लावा.” नवऱ्याचा नॅपकिन भिजवून आम्ही एक बाटली तशी दोरीनं टांगली. नळदुर्ग येईपर्यंत नॅपकिन दोनदा वाळला, दोनदा भिजवला. पाणी खरंच गार झालं होतं. दार मात्र सगळं धुळीच्या ओघळांनी भरलं, आणि सोलापूरला पेट्रोल भरताना त्या पोऱ्यानं ते आधी पुसून दिलं.